हेरंबरावांच्या नावाने

चोराने आपल्या नावाने साऱ्या गोतावळ्याकडे पैसे मागावेत आणि गोतावळ्यातल्या एकानेही त्याला दमडी देऊ नये, यात आनंद मानावा की तोंड लपवावं, हे हेरंबराव वेलणकरांना काही केल्या ठरवता येत नव्हतं. त्यांच्या पत्नीचं, मीनाक्षीबाईंचं, मत होतं की आनंद मानावा. पण त्यांच्या नावाने कुणी काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे ते मत हेरंबरावांनी जमेस धरलं नाही.

हेरंबरावांची अब्रू म्हणजे नेमकं काय, हे गिरगावाबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. त्यांच्या वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर पाणी कधी जाणार, कोण वारलं आणि एक सुविचार एवढंच असायचं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हेरंबरावांनी फळ्याचा ताबा घेतला आणि सुविचार पुसून तिथे विज्ञान आणलं. सुविचार गेल्याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. डावीकडे बातमी, उजवीकडे ‘भाष्य’, आणि दोन्ही अशा शुद्ध मराठीत की वाचणाऱ्याने आपोआप पाठीचा कणा ताठ करावा. आपले दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले, त्या दिवशीचं भाष्य होतं, ‘वाडीतील दोन जलवाहिन्या मात्र अद्याप जोडल्या गेलेल्या नाहीत.’ बिटकॉइन गडगडलं तेव्हा, ‘जे दिसत नाही, ते विकत घेऊ नये.’ आणि रोज, न चुकता, खाली लाल खडूने: ‘ओटीपी कोणासही सांगू नये. आधी खात्री करावी. शंका असल्यास हेरंब वेलणकर,’ आणि पुढे मोबाइल नंबर.

तर अशा हेरंबरावांनी ओटीपी सांगितला.

आता, चोर काही ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला असता तर हेरंबरावांनी त्याला फोनवरच वठणीवर आणलं असतं. तशा फोनांची ते वाटच बघायचे. पण फोनवर एक बाई होत्या, आवाज लाघवी, आणि त्या म्हणाल्या, “सर, आमच्या व्याख्यानमालेत दुसरं पुष्प तुम्ही गुंफावं अशी समितीची इच्छा आहे. विषय ‘अवकाश आणि आपण’. शाल, श्रीफळ आणि अल्पसं मानधन.”

गिरगावातल्या सुशिक्षित माणसाला कशाने पाडावं याचा त्या टोळीने अभ्यास केला असणार. लॉटरीला तो हसतो, परदेशी वारसाहक्काला तर जोरात हसतो. व्याख्यानमाला म्हटलं की तो उठून उभा राहतो. हेरंबराव खरोखरच उठून उभे राहिले. “मानधनाचं राहू द्या हो,” असं म्हणून त्यांनी अल्पसं म्हणजे किती ते कळायला पुरेसा वेळ सोडला. बाई म्हणाल्या, “वक्त्यांच्या ग्रुपवर तुम्हाला घेतेय, सर. सहा आकडी नंबर येईल, तेवढा वाचून दाखवता का?” हेरंबरावांनी वाचून दाखवला, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. आणि बाईंना नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा.

पुढच्या काही मिनिटांत त्यांचं व्हॉट्सॲप त्यांच्या फोनमधून गेलं, आणि ते ज्याच्या हाती गेलं त्याने कामाला सुरुवात केली. वाडी, नातेवाईक, जुनं ऑफिस, सगळ्यांना एकच निरोप: ‘मला पैशाची तातडीची निकड निर्माण झाली आहे. कृपया सहकार्य करावे. उद्या परतफेड करीन. फोन करू नये, मी बैठकीत आहे.’

सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे तात्या पायजम्याची नाडी बांधतच वर आले. “व्हायरस आहे ना? मग हा फोन आमच्या कुणाच्या फोनशेजारी ठेवू नकोस दोन दिवस. मीनाक्षीचा कुठाय? तो आधी आत ठेव.” कुणी म्हणालं सिम काढून धुवा, कुणी म्हणालं फोन बंद केला की चोर आत अडकतो. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्या राकेशने दुसऱ्या दिवशी खातं परत मिळवून दिलं. “अंकल, ओटीपी दिला होता काय कोणाला?” त्याने विचारलं. हेरंबराव म्हणाले, “तंत्रज्ञानात अनेक शक्यता असतात.” राकेश समजला आणि गप्प बसला, हे त्याचे उपकारच.

फळ्यावर दुसऱ्या दिवशी बातमी आली: ‘एका जबाबदार नागरिकाचे खाते हॅक.’ नाव नव्हतं. पण निरोप अख्ख्या वाडीला गेलेला असल्यामुळे त्या नागरिकाची ओळख लपून राहण्याची शक्यता तशी कमीच होती.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण रीतसर तक्रार झाली पाहिजे, असं भाष्य हेरंबरावांनीच कैक वेळा लिहिलेलं, त्यामुळे ते ठाण्यात गेले. या टेबलावरून त्या टेबलावर, मग जेवणाची सुट्टी, मग ज्या साहेबांकडे हे काम ते बंदोबस्ताला. साहेब भेटले तेव्हा हेरंबरावांचा चष्मा घामाने नाकावरून घसरत होता.

“नुकसान किती?” साहेबांनी विचारलं.

“तसं काहीच नाही.”

“म्हणजे कुणी पैसेच पाठवले नाहीत?”

“नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “एकाने पण?”

“एकाने पण.”

“मग काका, तुमचं गेलं काय?”

“माझं नाव गेलं,” हेरंबराव म्हणाले.

“त्याला आमच्याकडे रकाना नाही.” साहेब वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. “बघा, यात नुकसान झालंय ते त्या चोराचं. एवढे मेसेज केले बिचाऱ्याने. असं करा, एक तरी माणूस आणा ज्याने दिलेत. असतो असा. देऊन टाकतात आणि लाजेने बोलत नाहीत. ज्यांना मेसेज गेला त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात सापडेल कोणतरी.”

हेरंबराव ठाण्यातून बाहेर पडले ते वेगळेच होऊन. देऊन टाकतात आणि बोलत नाहीत! हे त्यांना सुचलंच नव्हतं. आपल्या हाकेला धावून आलेला, फसलेला आणि शालीनतेने गप्प बसलेला असा एखादा माणूस या शहरात कुठेतरी असेल, या कल्पनेने त्यांचा ऊर भरून आला. तक्रार आता निमित्त होतं. त्यांना तो माणूस हवा होता.

तात्यांकडून सुरुवात केली. तात्यांनी मोबाइल दाखवायला खळखळ केली, मग दाखवला. त्यांचं उत्तर होतं, ‘आज बँक बंद आहे.’

“तात्या, बुधवार होता.”

“मग तुला काय लिहू? नाही म्हणू?” तात्या उसळले. “शेजारधर्म आहे म्हणून कारण तरी दिलं.”

“पण म्हणजे तुम्हाला वाटलं की मीच मागतोय?”

“मग कोण? ‘तातडीची निकड निर्माण झाली आहे’ असं या पृथ्वीवर अजून कोण लिहितं?”

ही नवीनच जखम होती. चोराने कुठल्यातरी यंत्राकडून मराठी करून घेतलं होतं, आणि यंत्राचं ते इस्त्री केलेलं मराठी थेट हेरंबरावांचं निघालं होतं. ज्याला भेटावं तो हेच सांगायचा. कुणालाही फसवणुकीची शंका आली नव्हती. फळा रोज वाचून लोक सावध झाले आणि म्हणून त्यांनी पैसे दिले नाहीत, ही मनाशी बाळगलेली शेवटची समजूतही गेली. निरोप हेरंबरावांचाच आहे अशी सगळ्यांची खात्री होती, आणि खात्री करूनच त्यांनी पैसे दिले नव्हते.

पुतणी दीपिका हिंदमाताला नवऱ्याच्या साड्यांच्या दुकानात बसते. तिने गादीवर पसरलेल्या साड्यांमधून मान वर केली. “काका, मला मेसेज आलाच नाही. खरंच. तुमचे ते अंतराळाचे फॉरवर्ड यायचे ना पहाटे पहाटे, म्हणून तुम्हाला ब्लॉक केलंय. कधीचंच. राग मानू नका हां. चहा मागवू?” हेरंबरावांनी चहा घेतला. ज्या बाईने आपल्याला ब्लॉक केलंय तिच्याकडे चहा घेताना चेहरा कसा ठेवायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी साड्यांच्या किमती विचारल्या.

राहिला राजाराम. लालबागचा. वडील गिरणीत, हा हेरंबरावांबरोबर विमा कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजू. डबा एक करून खाल्लेला माणूस. दिले असतील तर यानेच, असं म्हणत हेरंबराव त्याच्याकडचा जिना चढले. राजारामाने दार उघडलं आणि आत ये म्हणायच्या आधीच म्हणाला, “पैशासाठी इलंस?”

हेरंबरावांनी सगळी हकिकत सांगितली.

“म्हंजे तो तू नाय होतंस,” राजाराम म्हणाला. “बरा झाला. माका वायट वाटत होता.”

“पण तेव्हा तर मीच वाटलो होतो ना तुला? मग?”

“मग काय?”

“दिले का नाहीस?”

राजारामाने पंखा वाढवला. “माझ्या नातीच्या बारशाक तू इल्लंस?”

हेरंबराव आठवू लागले. त्या दिवशी यान चंद्रावर उतरणार होतं. सकाळपासून फळ्यावर क्षणाक्षणाची माहिती द्यायची होती.

“यान उतारला,” राजाराम म्हणाला. “तुझो पाय काय आमच्या दारात उतारलो नाय. फोन पण नाय. मी म्हटलंय, ऱ्हवांदे. मेल्या, पैसे होते माझ्याकडे. काढून पण ठेवलेलंय. मगे म्हटलंय, कित्याक?”

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. राजारामाने भांडण केलं नाही. त्याने जेवून जा म्हटलं, आणि ते इतक्या साधेपणाने म्हटलं की हेरंबरावांना जिन्यात येऊन भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते कुठल्या भाषेत सांगायचं असतं ते त्यांना कधी आलंच नव्हतं.

आता एकच माणूस उरला होता. त्यांचा मुलगा शंतनू. त्याला हेरंबरावांनी जाणूनबुजून या प्रकरणापासून लांब ठेवलं होतं. निरोप त्यालाही गेला असणार, पण त्याचा फोन आला नव्हता आणि यांनी केला नव्हता. शंतनू आयटीत. ‘बाबा, कोड कुणाला देऊ नका’ हे त्याने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा हेरंबरावांनी त्याला फळा दाखवला होता. आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं? मीनाक्षीबाईंनाही त्यांनी बजावलं होतं, शंतनूला यातलं अक्षरही कळता कामा नये. एरवीही बापलेकांत बोलणं बेताचंच. शंतनू पूर्वी निरोप पाठवायचा. हेरंबराव त्यातले अशुद्ध शब्द दुरुस्त करून तोच निरोप त्याला परत पाठवायचे. पुढे शंतनू नुसता अंगठा पाठवू लागला. अंगठ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

पण लालबागहून शंतनूचं परळ हाकेच्या अंतरावर होतं, आणि साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. देऊन टाकतात आणि बोलत नाहीत. असा माणूस पोटचा मुलगाच असणार. इतरांकडून कसली अपेक्षा करायची! शंतनूने निरोप वाचला असेल, पैसे पाठवले असतील आणि बापाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून विषयही काढला नसेल. टॉवरच्या फाटकापाशी पोचेपर्यंत हेरंबरावांची याबद्दल खात्रीच झाली होती.

फाटकावर रखवालदाराने अडवलं. “कोड बोलो, अंकल. साहब के मोबाइल पे आयेगा, छे नंबर का. वो बोलोगे तो अंदर.” हेरंबरावांच्या अंगावर काटा आला. तरी त्यांनी शंतनूला फोन लावला, आणि कोड ऐकून रखवालदाराच्या कानात सांगितला. सख्ख्या मुलाच्या घरात शिरायला.

दार शंतनूनेच उघडलं. कामाच्या दिवशी, भर दुपारी, घरच्या कपड्यांत. हेरंबराव विचारणार होते, ‘आज सुट्टी?’ पण त्याच्या आत शंतनू वाकला आणि त्यांच्या पाया पडला. हे घरात गणपतीखेरीज होत नसे. हेरंबराव बावचळले.

“मला वाटलंच होतं तुम्ही याल,” शंतनू म्हणाला. “मेसेजमध्ये म्हणाला होतात ना, लवकरच भेटू.”

हेरंबराव खुर्चीवर बसले. स्क्रीनशॉटचे छापील कागद असलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली.

“रुपालीला पण सांगितलं मी त्याच दिवशी,” शंतनू बायकोबद्दल बोलत होता. “तोपर्यंत तिला पण माहीत नव्हतं. रोज बॅग घेऊन निघायचो. तुम्हाला सांगायचं म्हणून एकदा वाडीपर्यंत आलो होतो, बाबा. फळा वाचला आणि परत फिरलो.”

“काय होतं फळ्यावर?”

“राहू दे.”

“सांग.”

“‘संगणक कंपन्यांत यंत्राने माणसांची कामे हाती घेतली. भाष्य: ज्यांना काम येत नव्हते, त्यांनी घाबरावे.’” शंतनूला ते पाठ होतं. “आमची अख्खी टीम गेली, बाबा. काम येत होतं आम्हाला.”

हेरंबराव मनाशी जुळवू लागले. नोकरी गेली. मुलाची नोकरी गेली, केव्हाच, आणि ती आपल्याला सांगून झाली आहे असं तो समजतोय. कुणाला सांगितली त्याने?

“तुमचा मेसेज आला तेव्हा मी गच्चीवर होतो,” शंतनू म्हणाला. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “वॉचमनला म्हटलं टीव्हीची डिश बघायचीय, चावी दे. डिश बघायला नव्हतो गेलो, बाबा.”

खाली कुठेतरी बांधकाम चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“तुम्ही पैसे मागितलेत. मला हसूच आलं. म्हटलं आता लपवून काय करायचंय. लिहून टाकलं सगळं. नोकरी गेली, हप्ते थकलेत, मी कुठे उभा आहे ते पण. मला वाटलं तुम्ही अशुद्ध लेखनाबद्दल काहीतरी पाठवाल. आणि मग तुमचं ते आलं.”

“दाखव,” हेरंबराव म्हणाले.

शंतनूने मोबाइल पुढे धरला. हेरंबरावांच्या नावाखाली, त्यांच्या शाल पांघरलेल्या फोटोशेजारी लिहिलं होतं: ‘चिंता करू नकोस बाळा. पैसे नको. मला तू हवा आहेस. कृपया खाली ये. पाणी पी आणि जेवण घे. मी तुझ्यासाठी येथे आहे. आपण लवकरच भेटू.’

वाक्य न वाक्य परकं होतं. ‘जेवण घे’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. ‘मी तुझ्यासाठी येथे आहे’ म्हणजे कुठे, हे एरवी हेरंबरावांनी लाल खडूने विचारलं असतं. कुठल्यातरी खोलीत बसून दिवसभर लोकांना लुबाडणाऱ्या माणसाने हे लिहिलं होतं, किंवा कदाचित माणसानेही नाही, यंत्राने. का लिहिलं, त्यालाही एक मुलगा होता की काय, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. हेरंबराव मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होते. या जागी आपण काय लिहिलं असतं, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

शंतनू त्यांच्याकडे बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. तो आयटीतला मुलगा होता, बारा गावचं पाणी प्यालेला. त्याची नजर बापाच्या चेहऱ्यावरून मांडीवरच्या पिशवीकडे गेली, पिशवीतून दिसणाऱ्या छापील कागदांकडे, आणि परत वर आली.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “हे तुम्हीच लिहिलंत ना?”

कागद बाहेर काढायचे, स्क्रीनशॉट मागायचा, साहेबांकडे जायचं. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे असा माणूस शेवटी सापडला होता. हेरंबरावांनी पिशवीची दोन्ही टोकं एकत्र धरून तिला घट्ट गाठ मारली आणि ती खुर्चीखाली सारली.

“मग दुसरं कोण लिहिणार?” ते म्हणाले.

शंतनूने सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला.

“चपला घाल,” हेरंबराव उठत म्हणाले. “जेवायला घरी जायचंय. तुझ्या आईला अजून काही माहीत नाही. तिला कसं सांगायचं, ते वाटेत ठरवू.”